चार सह्या

पहिली सही मी रमेश म्हणून केली.

रामदासपेठेतल्या एका बँकेच्या शाखेत मी शिपाई होतो. कागदावर नव्हतो. सकाळी शटर उघडायचं, टेबलं पुसायची, चेकची थैली मुख्य शाखेत पोचवायची. एका शनिवारी मॅनेजरने आठवड्याच्या मजुरीचं व्हाउचर पुढे सरकवलं. त्यावर नाव रमेश.

"साहेब, हे माझं नाव नाही."

"आज तू रमेश."

हेड कॅशियर हसला. "काय गा रमेश, चहा सांग ना!" सगळी शाखा हसली. मीही हसलो. सही केली आणि चहा सांगायला गेलो.

पुढच्या आठवड्यात मी सुरेश होतो. मग देवराव. मग गणपत, मग परत रमेश. कारण विचारलं तर मॅनेजर म्हणाला, "ऑडिटसाठी." खरं कारण फार उशिरा कळलं. एका माणसाचे दिवस पुरेसे भरले की तो कायम होण्याचा हक्क मागतो. चौघांत वाटले की कोणाचेच भरत नाहीत.

"आणि सही वेगवेगळी कर," तो म्हणाला होता. मी कन्हानला घरी बसून मुलीच्या वहीत चार सह्या गिरवल्या. रमेशची तिरपी. देवरावची थरथरती, म्हाताऱ्याची वाटावी अशी. कोणतंही काम नीट करायची सवय होती. तीच नडली.

माझ्या आजोबांना गावात कोणी नावाने हाक मारत नसे. जातीने मारत. बौद्ध झाल्यावर त्यांनी घरातल्या प्रत्येकाचं नाव स्वतः निवडलं. पुढे माझंही. ते नाव मी अकरा वर्षं दर शनिवारी बाजूला काढून ठेवलं.

माझ्यासारख्यांना कायम शिपायाइतका पगार आणि भत्ते मिळावेत म्हणून युनियनने दावा लावला. न्यायाधिकरणाने आमच्या बाजूने निकाल दिला. बँक उच्च न्यायालयात गेली. तिथे तो निकाल तपासला गेला आणि माझं प्रकरण पुराव्यासाठी परत खाली, न्यायाधिकरणाकडे आलं. बँकेच्या वकिलाने व्हाउचरं मांडली. "चार नावं, चार हस्ताक्षरं. अर्जदाराचं यात एकही नाही." मी मागच्या बाकावर बसून माझंच काम बघत होतो.

त्या रविवारी हेड कॅशियर घरी आला. आता निवृत्त. हातात संत्रा बर्फीचा डबा. बायको आतून म्हणाली, "इतकी वर्षं यायले घर नाही सापडलं. आताच काहून सापडलं?"

"तू आपलाच माणूस," तो म्हणाला. "कंत्राटदाराकडे गार्डची नोकरी पक्की. एवढी सही कर."

कागद मी दोनदा वाचला. शपथपत्र होतं. रमेश, सुरेश, देवराव आणि गणपत हे चौघे शाखेत काम करत होते, मी त्यांना ओळखतो. खाली सहीच्या जागी माझं खरं नाव टाइप केलेलं. बँकेकडून आलेल्या कागदावर पहिल्यांदा. एकही चूक नव्हती.

"रमेशले घेऊन या," मी म्हणालो. "त्याची सही घ्या."

"मस्करी नको करू गा."

"नाव तर तुम्हीच ठेवलं होतं."

बर्फीचा डबा त्याच्यासोबत परत गेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या वकिलाला सांगितलं, चारही सह्या मी न्यायाधीशांसमोर करून दाखवतो. तो सावध झाला. "दुसऱ्याच्या नावाने पैसे उचलल्याचा गुन्हा तुमच्यावरच लावतील." युनियनचा सेक्रेटरी म्हणाला, जरा थांबू. का थांबायचं, ते त्याने सांगितलं नाही. कॅशियरला माझा पत्ता कोणी दिला, तेही त्याला माहीत नव्हतं म्हणे. मी आता कोणाचंच बोलणं दोनदा तपासल्याशिवाय घेत नाही. वकिलाचं मात्र खरं असावं. गुन्हा लागू शकतो.

पुढच्या तारखेला मी साक्षीला उभा राहणार आहे. कोरा कागद मागणार आहे. तिरपा रमेश, मग सुरेश, थरथरता देवराव, गणपत. त्याखाली पाचवी सही, आजोबांनी दिलेल्या नावाची.

गुन्हा लावायचा असेल, तर त्या नावावर लावा.