पश्चात एक मुलगी

सकाळी सहाला फोन वाजला की कुणाचा आहे हे मी बघतसुद्धा नाही. तक्रारच असते. "पत्रकार, फोटो लहान आला." "पत्रकार, माझं नाव तिसरं कसं काय?" पारनेरातून मी एका जिल्हा दैनिकाला बातम्या पाठवतो. इतक्या वर्षांत "तुमची बातमी शेवटपर्यंत वाचली" असं म्हणणारा एक माईचा लाल मला भेटलेला नाही. जो तो आपलं नाव शोधतो, सापडलं की त्याचा फोटो काढून स्टेटसला लावतो, आणि पेपर भज्यांखाली जातो.

आणि बातम्या तरी काय हो! अमक्याची तालुका उपाध्यक्षपदी निवड. अध्यक्ष कोण हे कुणाला माहीत नसतं, पण उपाध्यक्ष दर आठवड्याला एक. तमक्याच्या वाढदिवसानिमित्त शाळेत वह्यावाटप; फोटोत वही एक आणि तिला लागलेले हात अकरा. कांद्याचा भाव. बिबट्या दिसला. बिबट्या दिसला नाही, पण ठसे दिसले. पेपरावर आता अहिल्यानगर छापून येतं, लोक अजून नगरलाच जातात, आणि उपाध्यक्ष तेच.

फक्त एक कोपरा लोक मन लावून वाचतात, तो म्हणजे निधनवार्ता. कोण गेलं, दहावा कधी, जायला हवं का, हे सगळं तिथं कळतं. आपल्याकडे माणूस दहाव्याला गेला नाही तर पुढची दहा वर्षं ऐकवतात, त्यामुळे ते चार इंच कुणी चुकवत नाही.

आता माझी लबाडी सांगतो. निधनवार्ता मी लिहीत नाही. कुणीच लिहीत नाही. मोबाईलमध्ये आधीची एक असते, तीच उघडायची, नाव बदलायचं, गाव बदलायचं, वय बदलायचं आणि पाठवून द्यायची. ‘मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीचे’ हे तर बदलायचंच नाही. आमच्या तालुक्यात मनमिळाऊ नसलेला माणूस अजून मेलेला नाही.

एके दिवशी दुपारी मी बसस्टँडसमोर चहा पीत होतो. पन्नाशीच्या आसपासची एक बाई समोर येऊन उभी राहिली. हातात पेपर, चौघडी घातलेला.

"तुमीच का पत्रकार?"

"बोला ताई."

"आमचे आप्पा वारले, तुमी छापलं. हे वाचा बरं."

वाचलं. ‘त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ मी म्हटलं, बरोबर आहे की.

"मी मुलगी हाय त्यांची."

मी कप खाली ठेवला. ती मात्र थांबली नाही. नवऱ्यानं टाकल्यापासून ती बापापाशीच राहायची, मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत. म्हाताऱ्याची नजर गेली तेव्हापासून रोज सकाळी खाटेशेजारी बसून तिनं त्याला पेपर वाचून दाखवलेला. उपाध्यक्ष नको, बिबट्या नको, म्हातारा म्हणायचा, आधी वारलेले वाच. आणि प्रत्येकाचं एकच विचारायचा, "मागं कोन कोन हाय?" मुलगी असली की म्हणायचा, "चला, रडायला मानूस हाय."

"आन् त्यांच्याच मागं मी न्हाई," ती म्हणाली. "हक्कसोडीवर सही घ्यायला रजिस्टर हापिसात नेलं, तवा कागदावर एक मुलगी हुती. मी म्हनलं, भाऊच हायेत, ठेवा जमीन. शेत सोडलं पत्रकार, आता नाव बी सोडू का? भावानं सांगितलं म्हनून काढलंत ना मला?"

गावालाही तेच वाटलं होतं. दहाव्याला लोक कुजबुजत होते : भावांनी बहिणीला पेपरातूनसुद्धा काढलं. आणि हिनं बातमी देणाऱ्या धाकट्या भावाच्या अंगणात उभं राहून, पाहुण्यांदेखत, त्याचा सगळा उद्धार केला होता. त्या दिवसापासून बोलणं बंद.

मी मोबाईल काढला. त्या भावाचा मेसेज शोधला. नाव, वय, दहाव्याची वेळ आणि खाली स्वच्छ लिहिलेलं : दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे.

मी आधीची निधनवार्ता उघडली. शेजारच्या गावातला कुणी म्हातारा. दोन मुले, सुना, नातवंडे. त्याला मुलगी नव्हती. त्या दिवशी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी होती, पेपरच्या नगरच्या डेस्कवरून दर पाच मिनिटांनी फोन येत होता, आणि मी नाव, गाव, वय तेवढं बदलून मोकळा झालो होतो. पुढाऱ्याच्या नावामागची विशेषणं मात्र दोनदा तपासली होती!

एक क्षण, खोटं कशाला बोलू, वाटलं की गप्प बसावं. पण ती माझ्या मोबाईलकडे बघत होती, आणि तिला वाचता येत होतं.

"ताई, भावानं नाही काढलं. मी काढलं. चुकून."

ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "आन् मी त्याच्या दारात जाऊन नको नको ते बोलून आले." मग पेपर माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "छापा. मी हुते, आन् भावानं सांगितलं हुतं. दोन्ही छापा. पेपरात चुकलंय, पेपरातच दुरुस्त व्हायला पायजे."

चार ओळींचं काम. मी लगेच लिहून पाठवलं : उल्लेख वार्ताहराच्या चुकीने राहिला, कुटुंबीयांनी दिलेल्या माहितीत तो होता. डेस्कवरच्या महाशयांचा फोन आला. "निधनवार्तेला खुलासा नसतो हो." का नसतो? "मेलेला माणूस तक्रार करत नाही." हे लोक नगरला पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकतात, आणि गावात तोंड दाखवायचं आम्ही. दुसऱ्या दिवशी जागा नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. त्याच पानावर एका उपाध्यक्षाचा सत्कार मात्र दोनदा छापला गेला, एकदा फोटोसह आणि एकदा बिनफोटोचा. कपाळ माझं!

ती रोज सकाळी फोन करायची. भांडायची नाही. "आज न्हाई आलं," एवढंच म्हणायची आणि ठेवायची. तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळा पेपर वाचलेला असायचा. देवा, आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण पेपर वाचणारा वाचक मिळाला, आणि तो असा!

शेवटी बिबट्या कामाला आला. एका विहिरीत बिबट्या पडला, आणि चांगला फोटो माझ्या एकट्याकडे होता. फोटोसाठी डेस्क उतावीळ. मी म्हटलं, आधी माझ्या चार ओळी लावा, मग बिबट्या. लावतो म्हणाले. देवाशपथ लावतो म्हणाले.

लावल्या. नेवाशाच्या पानावर.

आमच्या पेपरात प्रत्येक तालुक्याचं पान वेगळं असतं. पारनेरात येणाऱ्या अंकात नेवाशाचं पान नसतं, नेवाशात आमचं नसतं. तिथल्या वार्ताहराचा मला फोन आला, "अहो, हा तुमचा कोण म्हातारा आमच्याकडे छापलाय?" आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी डेस्कवर तोंड सोडलं. तिकडून शांतपणे उत्तर, "छापलंय ना? एकदा छापलेलं परत कसं छापायचं?"

मोबाईलवर त्या पानाचा फोटो आला, मी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मोबाईलात काय बी दिसतं. कागद पायजे." मग काय, मोटरसायकलला किक मारली. पारनेरहून नगर, नगरहून नेवासा फाटा. स्टँडवरच्या पेपरवाल्याकडचे सगळे अंक संपलेले. शेवटी एका केशकर्तनालयात अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाच्या हातातून मागून घेतला. तो म्हणाला, "काय, तुमचं नाव आलंय का?" मी म्हटलं, "हो, चूक म्हणून आलंय." उन्हात परत येताना पाठीचा पार भुगा झाला होता, आणि रस्त्यात मी डेस्कला, वाढदिवसांना आणि मला स्वतःला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या सगळ्या दिल्या.

संध्याकाळी मळ्यात पोचलो. तिनं अंक हातात घेतला, चार ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. रिकाम्या खाटेकडे एकदा बघितलं.

"आपल्या गावात ह्यो कुनी वाचला नसंल."

"नाही ताई. इकडे येतच नाही तो."

"बरं," ती म्हणाली. "उद्या सकाळी डेअरीवर या. चूक तुमची हाय, तुमी बी पायजे."

मी गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? डेअरीवर किटल्या घेऊन निम्मं गाव रांगेत उभं होतं, आणि चौथ्या-पाचव्या जागेवर तो धाकटा भाऊ, बहिणीला बघून मान फिरवलेला. ही आपली किटली रांगेच्या शेवटी ठेवून थेट फॅट मोजायच्या टेबलापाशी गेली. पदर सावरला आणि पेपर उघडून मोठ्यानं वाचायला लागली. नाव, गाव. पश्चात एक मुलगी. वार्ताहराच्या चुकीने. इथं तिनं माझ्याकडे बोट केलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शेवटची ओळ तिनं भावाकडे बघत वाचली : कुटुंबीयांनी दिलेल्या माहितीत हा उल्लेख होता.

माझ्या खिशात फोन थरथरायला लागला. उपाध्यक्ष असणार. मी नाही उचलला.

भाऊ रांगेतून बाहेर आला, मागे गेला, तिची किटली उचलून आणली आणि आपल्या किटलीच्या पुढे ठेवली. एका म्हाताऱ्यानं चष्मा वर करून पेपर हातात घेतला, वरची ओळ निरखली आणि म्हणाला, "आगं पोरी, ह्यो तर नेवाशाचा पेपर हाय!"

"पेपर नेवाशाचा हाय, मामा," ती म्हणाली. "बाप हितलाच हुता."