डब्यावर लिहिलेला मावा

माझा धाकटा दीर पालकाच्या वाफ्यात आडवा पडून ओकत होता आणि त्याची सून हातात पळी घेऊन मला विचारत होती, "बड़ी अम्मा, मावा खराब था क्या?"

कोजागिरीची संध्याकाळ होती. चंद्र उगवायचा होता. आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, चार-सहा घरं मिळून एका मोकळ्या जागेत भाजीपाला लावतो, तिथेच चूल मांडून दूध ठेवलं होतं. साखर बघतो म्हणत दिराने सगळ्यांआधी वाटीभर दूध पिऊन घेतलं. बागेचा अध्यक्ष तोच, त्यानेच स्वतःला केलेला.

मी चुलीशी गेले. तिथे जुना बिस्किटांचा डबा उघडा पडला होता. त्यावर दिराच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, मावा. आत पांढरी पूड.

पाऊस सरून कुंवारचं, म्हणजे आश्विनातलं, ऊन तापलं की वालाच्या वेलींवर मावा पडतो. काळे बारीक किडे, कोवळ्या शेंड्यांना चिकटलेले. मी म्हटलं होतं, साबणाचं पाणी मारा. दिराला ते हलकं वाटलं. त्याने दुकानातून मावा मारायची विषारी पूड आणली, पाकीट फाटलं म्हणून डब्यात ओतली, वर मावा लिहिलं आणि डबा ठेवला कुठे, तर मीठ-साखरेच्या पिशवीत. सूनबाई रायपूरचीच, घरात हिंदी बोलणारी; तिच्या लेखी मावा म्हणजे खवा. तिला सांगितलं होतं, दुधात मावा टाक. तिने टाकला. दुधात टाकायचा खवा घरी फ्रिजमध्येच राहिला होता.

"कोणी दूध पिऊ नका," मी ओरडले. पातेलं कुंपणाजवळच्या खड्ड्यात रिकामं करून वर माती ओढायला लावली. पुतण्याने बापाला ऑटोत घातलं. सून आणि मीही त्यांच्यासोबत बसलो.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. "क्या खाया?"

"मावा," सून म्हणाली.

"त्योहार में यही होता है. नकली मावा." तो सलाईन लिहायला लागला.

"बेटा, वो वाला मावा नहीं," मी म्हटलं. "मावा मारने की दवा."

"मावा मारने की?" त्याने सुनेकडे पाहिलं. म्हातारीला भ्रम झालाय का, असं. आणि मला हिंदीत त्या किड्याचं नाव आठवेना. सारा जन्म रायपुरात गेला आणि ऐन वेळी तोंडात एक शब्द नाही. दीर तिकडे घामाने भिजला होता, लाळ गळत होती.

"अरे, सेमी में लगता है. काला-काला, पत्ते के नीचे."

सलाईनची बाटली लावणारी नर्सबाई वळली. "माहू?"

"हव, माहू. माहू मारने का जहर पिया है इसने."

मग डॉक्टर पळाला. पुतण्याला बागेत परत धाडलं. फाटकं पाकीट दिराने वालाच्या वाफ्यात काठीला खोचून ठेवलं होतं, निशाण रोवावं तसं. ते आणलं. त्यावरून डॉक्टरला विष कोणतं ते कळलं आणि त्याचा खरा इलाज सुरू झाला.

शुद्धीवर आल्यावर दिराचं पहिलं बोलणं हे. "वहिनी, मी त बरोबरच लिहिलं होतं. तिले मराठी येत नाही त मी काय करू?"

"तिले वाचता येते, म्हणून त टाकला," मी म्हटलं. "मावा दुधातही पडते अन् वालावरही पडते. जहर काहून नाही लिहिलं?"

"सगळ्यायले ठाऊक आहे ना वालावरचा मावा."

"झोपा भाऊजी."

सून दाराशी उभी राहून रडत होती. तिला कोणी काही म्हटलं नव्हतं, पण दिरानेही तुझी चूक नाही असं म्हटलं नाही. ते मीच म्हटलं.

वालाच्या वेली माव्याने काळ्या होऊन गेल्या. दूध दिराशिवाय कोणी प्यायलं नव्हतं. तो वाचला.