मेजरची गोळी

माझा धाकटा भाऊ फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण गावात उतरला तो मेजर म्हणून. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, हुद्दा कुणी विचारत नाही. सुरुवातीला तो दुरुस्ती करायचा, "मेजर नही, हवालदार शे." लोकांना तो त्याचा मोठेपणा वाटायचा. मग त्यानेही नाद सोडला.

चाळीसगाव स्टेशनवरून त्याला उघड्या जीपमधून वाजतगाजत आणलं होतं. हार, गुलाल, डीजे, काही कमी नव्हतं. मीही जळगावहून नवी साडी नेसून गेले होते आणि जीपपुढे मनसोक्त नाचले होते, खोटं कशाला बोलू. गावात शिरताना फटाक्यांची माळ लागली, आणि भाऊ जीपमधून उडी टाकून चाकाआड पालथा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेजर लढाई करून दाखवतोय असं वाटलं त्यांना. एकाने तर पुन्हा करायला सांगितलं, व्हिडिओ नीट आला नव्हता म्हणून. मी उठवायला वाकले तेव्हा त्याचे दात वाजत होते. त्या दिवशी मला गावाचा आलेला राग अजून पुरता उतरलेला नाही.

नंतर त्याची झोप गेली, बोलणं गेलं. शेवटी मीच त्याला जळगावला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांशी तो बोलायला लागला आणि हळूहळू माणसात आला. अट एकच होती, गावात कळता कामा नये. "मेजर येडा व्हयना म्हनतीन," तो म्हणायचा. त्यामुळे दर वेळी तो 'ठिबकच्या नळ्या आणायला' जळगावला यायचा. तेवढ्या नळ्यांत अख्खा तालुका भिजला असता. या हिवाळ्यात मात्र कुणीतरी त्याला हटकलं, "मेजर, नळ्या तर वावरमा दिखतंच नहीत." लगेच त्याचा मला फोन आला, की आता येणं बंद. मध्ये एकदा गोळ्या सोडल्यावर त्याचं काय झालं होतं, ते मी पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात आबांच्या मळ्यात भरिताचा बेत होता. आबा म्हणजे आमचे चुलते. कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजत होती, बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या थापत होत्या, आणि पुरुष मोबाइलवर बातम्या बघत सीमेवरची लढाई इथूनच जिंकत होते. असा विषय निघाला की भाऊ म्हशींना पाणी पाजायला जातो. आमच्या म्हशींइतक्या तृप्त म्हशी पंचक्रोशीत नसतील. त्या दिवशीही तो उठतच होता, तेवढ्यात आबांनी त्याला थांबवलं. गावातला आणखी एक जवान निवृत्त होऊन येणार होता.

"औंदा डबल माळ लाऊत," आबा म्हणाले. "मेजर, तू जीपमा पुढे बसजो."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, माळ कुणासाठी? येणाऱ्या जवानासाठी, की आपल्या हौसेसाठी?"

आबा तडकले. "जो आपलासाठे बंदुकपुढे उभा ऱ्हायना, त्याले गावनी डोकावर नही लेवानं, तं कोनले?"

"घ्या ना डोक्यावर. पण त्याच्या डोक्यात काय चाललंय, तेही कधीतरी विचारा."

आबांचं खोटं नव्हतं, हे मलाही कळत होतं. त्यांना भावाचा खरोखर अभिमान होता, भेटेल त्याला ते पुतण्याचं कौतुक सांगायचे. पण माझा पाराही चढलेला होता. दोघांचे आवाज वाढले. तेवढ्यात भाऊ शांतपणे म्हणाला, "आबा, फटाका नका लावू. माले त्रास व्हस. मी जळगावले डोकाना डॉक्टरकडे जास. गोळी चालू शे."

पुऱ्या थापणारे हात थांबले. मला वाटलं, संपलं, आता हा गावात तोंड दाखवणार नाही.

पहिल्या बोलल्या त्या शेजारच्या अक्का. आम्हा भावंडांना त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवलंय. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गोळी जेवण करीसन लेवानी का उपाशीपोटी?"

"जेवण करीसन."

"मंग बस ना. पहिले जेव." आणि त्यांनी त्याच्या ताटात दोन माणसांचं भरीत वाढलं.

तो जेवला. इतका पोटभर, की मी बघतच राहिले. जेवण झाल्यावर त्याने खिशातून गोळी काढली आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकली. पाण्याचा तांब्या आबांनी पुढे केला.