एकाच नंबरच्या बायका

एका दुपारी फणसाचे गरे खात खात मी शंभराच्या वर बायका त्यांच्या मुलांच्या नाहीतर नवऱ्यांच्या पोटात घातल्या. वर स्वतःची पाठही थोपटून घेतली. साठीला टेकलेली बाई इतकी उतावळी असते यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. पण ही होती, आणि ती मीच होते.

नोकरी संपली तेव्हा मला वाटायचं, मुंबईच्या कचेरीत तीस वर्षं प्रोग्राम लिहिलेली बाई वसईच्या फ्लॅटमध्ये नुसती बसून राहिली तर देशाचं नुकसान होईल. देशाने काही बोलावलं नाही. जवळच्या नंदाखाल गावात फुलं पिकवणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्याच्या सेक्रेटरींनी बोलावलं. कोणी किती फुलं दिली ते वहीत लिहायचे, वही पावसाळ्यात भिजायची. म्हणाले, "मॅडम, मोबाइलवर होईल असं काहीतरी करून द्या." मी करून दिलं. फुकट दिलं, म्हणजे मिरवायला मोकळी!

त्या कामात मला सगळ्यात अभिमान होता तो एपीआयचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही एक खिडकी समजा. बाहेरून एका प्रोग्रामने चिठ्ठी सरकवायची: हा वापरकर्ता घाल, त्याला एवढीच परवानगी दे, तो अमुक काढून टाक. आत काम होतं आणि बाहेर उत्तर येतं, "झालं". पडदा नाही, बटण नाही. एका चिठ्ठीत एक माणूस, आणि चिठ्ठ्या हव्या तेवढ्या लिहा. आतला चिठ्ठी कोणाची ते ओळखतो, पण जिच्याबद्दल चिठ्ठी आहे तिचा चेहरा काही बघत नाही.

आणखी एक नियम मी घातला होता. एखाद्याच्या खात्यात फिरवाफिरव करायची तर त्या खात्याच्या मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जाणार. त्याने हो म्हटलं तरच बदल. मी म्हटलं तरी नाही, सेक्रेटरींनी म्हटलं तरी नाही. "उद्या मीच फिरले तर?" असं मी मीटिंगमध्ये म्हणाले होते, आणि सगळे हसले होते. किती थोर वाटले होते मी मला!

मग सेक्रेटरी एकदा म्हणाले, "मॅडम, यादीत भुतं फार झालीत. एकच नंबर चार-चार जागी." बघितलं तर खरंच. मी एका बैठकीत छोटा प्रोग्राम लिहिला. नंबर एक असेल ती सगळी माणसं एक धरायची, सगळ्यात आधी नोंदलेलं खातं ठेवायचं, बाकीची त्यात मिसळून टाकायची. भुतं काढणं म्हणजे काही कोणाच्या खात्यात फिरवाफिरव नव्हे, म्हणून इथे ओटीपीची अट मी लावलीच नाही. खिडकीतून चिठ्ठ्या जाऊ लागल्या. झालं, झालं, झालं. वाटीतले गरे संपायच्या आत यादी निम्मी.

एकच नंबर म्हणजे एकच माणूस! हे मला कुठल्या शहाण्याने शिकवलं होतं कोण जाणे. अहो, माझ्या स्वतःच्या गॅसच्या पुस्तकावर नवऱ्याचा नंबर आहे. रेशनकार्डावर त्यांचाच. डॉक्टरांच्या फायलीवरही त्यांचाच. कागद पुढे आला की घरातल्या पुरुषाचा नंबर लिहायचा, हे मी चाळीस वर्षं करत आले. आणि वाडीवरच्या बायकांनी तेच केलं तर त्या भुतं! घरात आधी नोंद झालेली पुरुषाची, म्हणून खातं उरलं पुरुषाचं. सासू, सून, विधवा भावजय, सगळ्या त्यात.

मला हे कळलं ते तीन महिन्यांनी, एका चाफेवालीमुळे.

तिचं माहेर जूचंद्रचं, मिठागराकडचं, सासर नंदाखालला. नवरा लवकर गेला. सासरच्या वाडीतली सोनचाफ्याची झाडं तिने एकटीने सांभाळली. पण वाडी दिरांनी विकायला काढली होती आणि पावसाळा सरला की तिथे बिल्डिंगचं काम सुरू होणार होतं. तिचा सगळा जीव एका गोष्टीत अडकला होता. मंडळाने एक सामायिक वाडी भाड्याने घेतली होती. सलग तीन वर्षं स्वतःच्या नावाने माल दिला की तिथला एक पट्टा लावायला मिळायचा, ज्याच्या नावाने त्याचाच, कोणी विकू शकणार नाही. तिची तीन वर्षं श्रावणात पूर्ण झाली. पट्ट्याचं पत्र आलं. पत्रावर मुलाचं नाव.

मंडळाच्या शेडमध्ये ती माझ्यासमोर उभी राहिली. "ताई, फुलं मी दिली. पहाटे शिडीवर मी चढली. पोरगा तर नायगावला कंपनीत. याला चाफ्याचं झाड दाखवलं तर जांब म्हनेल."

"पावत्या आहेत का?"

तिने पिशवीतून गड्डी काढली. एकूण एक पावती जपलेली. त्यांच्यावर तारीख होती, फुलांचा आकडा होता आणि मोबाइल नंबर होता, तोही मुलाचा. नाव नव्हतं. पावतीचा कागद अरुंद, म्हणून नाव मीच काढून टाकलं होतं. जुन्या यादीची प्रत मी तीस दिवस ठेवत असे, ती केव्हाच पुसली गेली होती. मिसळलेलं खातं वेगळं करायचं म्हणजे मालकाचा ओटीपी लागणार. आणि मालक आता मुलगा.

मी सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, कागदावर लिहून द्या, सगळं गाव साक्षीला आहे.

"मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना, मोबाइलवर दिसेल ते खरं? हिच्यासाठी कागद खरा धरला तर बाकीच्या उद्या दारात."

बाकीच्यांची त्यांना उगाच भीती. तक्रार घेऊन तिघी आल्या. उरलेल्यांना कळलंच नाही.

मुलाला भेटले. गुंड असता तर मला भांडता आलं असतं. पण तो अगदी सभ्य, पाणी दिलं, चहा दिला. "काकू, माझ्या नावावर काय नि आईच्या नावावर काय, घर एकच. आता नाव बदलायला गेलो आणि पट्टाच रद्द झाला तर?"

"नाही होणार."

"वही बंद केली तेव्हाही तुम्हीच म्हणाला होतात, काही होणार नाही."

त्याने ओटीपी दिला नाही. दिवाळीनंतर त्याने तो पट्टा राजोडीच्या एका रिसॉर्टवाल्याबरोबर मिळून शोभेच्या झाडांना लावला. नियमात बसत होतं. नियम वाचून बघितला, मंडळाला मीच लिहून दिलेला, कुठे फट नाही. ते काम मात्र एवढं चोख केलं होतं त्या उतावळ्या बाईने, म्हणजे मीच!

त्यानंतर मी प्रोग्राम बदलला. आता नाव, नंबर, चेहरा सगळं वेगवेगळं धरतो, पुसायच्या आधी तीनदा विचारतो. माझी लेक याच धंद्यात आहे, तिने तो बघितला आणि म्हणाली, "आई, आता एकदम बरोबर आहे." बरोबर आहे, हो. मागचं काही त्याला परत आणता येत नाही.

नाताळच्या सुमारास मी त्या चाफेवालीकडे गेले. मुलाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, समोर दुसरी बिल्डिंग हातभरावर. वाडीतली झाडं त्याच आठवड्यात तोडली होती. तिने पट्ट्यासाठी पावसाळ्यातच कलमं बांधून ठेवली होती, ती गॅलरीत तेलाच्या डब्यांत उभी होती. बहुतेकांची पानं गळली होती. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं हे, मला माफ कर. तिने डब्यांतली माती बोटाने दाबून बघितली, दोन डबे बाजूला काढले आणि म्हणाली,

"माफीचं मी काय करू, ताई? ही दोन जगलीत ती घेऊन जा. इथं ऊन नाय येत. आनि फुलं आल्यावर कोनी इचारलं कोनाची, तर तुजं नाव सांग. माजं कुटं लिवलेलं नाय."