पाण्याखालची नोकरी

आमचा बंजाऱ्यांचा तांडा औंढा नागनाथपासून फार लांब नाही. मला पोहायला शिकवलं ते बानं, माझ्या वडिलांनी, शेतातल्या विहिरीत. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि वरून सोडून द्यायचं, एवढीच त्यांची पद्धत. शेजारच्या बायका याडीला, माझ्या आईला, विचारायच्या, "पोरीला काहून विहिरीत टाकून राहिले?" याडी नुसती हसायची. तिला स्वतःला पोहता येत नव्हतं. विहिरीच्या काठाशी यायचीसुद्धा तिला भीती वाटायची.

हिंगोलीला कॉलेजात असताना आमची सहल मालवणकडे गेली. तिथे मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. एका लहानशा डायव्हिंग सेंटरच्या बोटीतून आम्हाला पाण्यात उतरवलं. बाकीच्या मुली ओरडत होत्या आणि मी मास्क लावून, पाण्यात तोंड घालून, खालचे खडक बघत राहिले. वर आले तेव्हा सेंटर चालवणाऱ्या मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"तुका पोवूक कोणी शिकवल्यान गो?"

"बानं. विहिरीत."

मॅडम पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या. एरवी साध्या मराठीत बोलायच्या, आनंद झाला किंवा राग आला की मालवणीत शिरायच्या. त्या म्हणाल्या, "परीक्षा झाली की कामाला ये. पाण्यात उतरणाऱ्या बायकांना सोबत बाई हवी असते आणि मला ती मिळत नाही."

घरी सांगितलं तेव्हा बांनी आधी मालवण किती लांब ते विचारलं. मग म्हणाले, "काम काय हाय?"

"लोकायला पाण्याखाली न्यायचं."

"आन् वर आणायचं का न्हाई?"

याडी इतकी हसली की तिचा होकार तिथंच झाला. बा मला सोडायला मालवणपर्यंत आले, मॅडमशी बोलले, राहायची खोली बघितली आणि त्याच रात्रीच्या गाडीनं परत गेले.

पहिल्या हंगामात मी पाण्याखाली फार थोडी गेले. सकाळी कॉम्प्रेसरवर सिलिंडर भरायचे, ते एकेक करून बोटीत चढवायचे, आलेल्या माणसांना त्यांच्या मापाचे रबरी सूट घालून द्यायचे. हे सूट अंगावर चढवणं म्हणजे झटापटच असते. माणसं परत आली की सगळे सूट गोड्या पाण्यात धुवायचे. पाण्याखाली घाबरलेला माणूस सुटात काय करतो ते धुणाऱ्यालाच कळतं. खाऱ्या पाण्यानं केस तारेसारखे झाले, हाताची सालं निघाली. राहणं-खाणं सेंटरचं होतं. पगार म्हणाल तर आमच्याकडच्या जवळा बाजार गावात कपड्याच्या दुकानात साड्या दाखवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला माझ्यापेक्षा बरा होता. वर खुश झालेलं गिऱ्हाईक हातात काही ठेवून गेलं तर ते आम्ही सगळे वाटून घ्यायचो.

या कामात सर्दी झाली की पाण्यात उतरता येत नाही, कान फुटायची भीती असते. इतर ठिकाणी अशा दिवसाचा पगार कापतात, हे मला तिथल्या पोरांनी आधीच सांगितलं होतं. त्यामुळे सर्दी झाली तेव्हा मी ती लपवली आणि सूट चढवून बोटीत जाऊन बसले. मॅडमनी माझा आवाज ऐकला आणि हात धरून खाली उतरवलं.

"कान गेले तर पुढची वीस वर्षं काय करशील? जा, फोन घे."

मी आठवडाभर टेबलाशी बसून फोन घेतले. महिन्याच्या शेवटी पगार पुरा आला. मी विचारायला गेले तर म्हणाल्या, "फोन घेणं हे काम नव्हे?" त्या दिवसापासून मी त्या सेंटरला आपलं म्हणायला लागले.

मे संपताना समुद्र खवळतो आणि सगळं बंद होतं. चार महिने पगार नाही. मी घरी आले, सोयाबीनची पेरणी केली, निंदण केलं. तांड्यात जो तो विचारायचा, नोकरी सुटली का? बा सगळ्यांना सांगायचे, "तिचं हापिस पावसाळ्यात बंद असतंय." एकदा शेतात भाकरी खाताना याडीनं विचारलं, "पाण्याखाली हाय तरी काय?"

"मासे."

"मासे तर बाजारात बी असतेत."



दुसऱ्या हंगामात मॅडमनी मला डाइव्हमास्टर व्हायला शिकवलं. हे या धंद्यातलं कमाईचं पहिलं पद. इतरत्र या शिक्षणाला भरमसाठ पैसे पडतात. मॅडमनी शिकवायचे काहीच घेतले नाहीत, सर्टिफिकेटचा खर्च तेवढा मी केला. संध्याकाळी सगळे गेले की त्या मला पाण्यात नेऊन बेशुद्ध झाल्याचं सोंग करायच्या आणि मी त्यांना ओढत किनाऱ्यावर आणायची. वजनदार बाई. एकदा मी दमून म्हटलं, "मॅडम, आता शुद्धीवर या." त्या वाळूत पडल्या पडल्या हसत सुटल्या.

त्या वर्षी दिवाळीची गर्दी ओसरल्यावर मी याडी-बांना बोलावून घेतलं. सोयाबीन निघालं होतं, हळद अजून जमिनीत होती, म्हणून दोघांना सवड होती. बा समुद्राकडे बघून म्हणाले, "आपले जुने लोक बैलांवर मीठ न्यायचे ते इथलंच असंल." मग लगेच सूट घालायला तयार झाले. मॅडम स्वतः त्यांना घेऊन उतरल्या, मी शेजारी होते. पण बांचं काही जमेना. जन्मभर पाण्यात श्वास कोंडून पोहलेला माणूस, तोंडातल्या नळीतून श्वास घ्यायचा हे त्यांच्या छातीला पटत नव्हतं. तीनदा वर आले. शेवटी बोटीत बसून म्हणाले, "माझ्याच्यानं न्हाई होत. तुमी घरी जेवायला या, विहिरीत दाखवतो."

आणि मग याडी म्हणाली, "मी जाऊ का?"

बा म्हणाले, "तुला पोहता येत न्हाई." मॅडम म्हणाल्या, "लागत पण नाही." याडीनं बांगड्या काढून बांच्या हातात दिल्या. मी तिला खुणा शिकवल्या. दोन बोटांचा गोल म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे मला वर न्या.

ती खाली गेली ती शांतपणे, गोठ्यात बसल्यासारखी. मॅडमनी तिला मागून धरलं होतं, मी समोर होते. तिचे बुडबुडे एका लयीत वर जात होते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे तिच्या हाताशी आले तेव्हा तिनं मला अंगठा दाखवला. आम्ही घाबरून तिला वर आणलं.

"याडी, काय झालं? तकलीफ होऊन राहिली का?"

"काहून? लई भारी हाय म्हणून दाखवलं!"

परत खाली गेलो. थोड्या वेळानं पुन्हा अंगठा. पुन्हा वर आलो. तिसऱ्यांदा मॅडमनी तिचा अंगठाच आपल्या मुठीत धरून ठेवला, तेव्हा कुठे तिला पोटभर बघायला मिळालं. मी समोरून तिचे डोळे बघत होते. मास्कच्या काचेमागे ते इतके मोठे झाले होते. माझी याडी अशी दिसते, हे मला माहीत नव्हतं.

बोटीत आल्यावर ती कुडकुडत होती. बांनी तिच्या अंगावर टॉवेल टाकला आणि विचारलं, "काय होतं खाली?"

"मासे होते," याडी म्हणाली. "माझ्याकडं बघून राहिले होते. भेत न्हाईत. पोरगी रोज जाती ना, वळखीची झाली असंल."

मॅडमनी एक रुपया घेतला नाही. बांनी घरची हळद आणली होती, ती तेवढी घेतली आणि रात्री त्यातलीच हळद घालून आमच्यासाठी माशांची आमटी केली. याडी त्यांना शेतातल्या गोष्टी सांगत होती, त्या तिला समुद्रातल्या. निम्मं एकमेकींना कळत नव्हतं, तरी दोघी थांबत नव्हत्या.

आज मी तिथेच आहे. पगार वाढलाय, फार नाही. पावसाळ्याचे महिने अजून बिनपगारी जातात आणि आता प्रशिक्षक व्हायची तयारी चालू आहे. कोणी विचारलं, या कामात काय मिळतं, तर मी पगार खरा तोच सांगते आणि कान सांभाळायला सांगते. पण मनात त्या सकाळचं चित्र येतं. याडी-बांची परतीची एसटी होती आणि बोटीचीही वेळ झाली होती. मी सिलिंडर खाली ठेवून स्टँडवर निघाले, तर याडीनं मला फाटकातच अडवलं. बोटीपाशी एक कुटुंब सूट घालून उभं होतं, त्यातली बाई पदराच्या सवयीनं खांदा चाचपत होती.

"तू जा," याडी म्हणाली. "ती भेलीय, बघ. तिच्यासंगं ऱ्हाय."

बांनी पिशवी उचलली. मी बोटीकडे वळले.