पासवर्ड एकदाच टाकला होता

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता धड आठवतही नाहीत. पण चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात असताना आलेली एक साधी केस अजून डोक्यातून जात नाही. तिच्यात कोणाला साधं खरचटलंही नव्हतं.

एका सुट्या भागांच्या कंपनीचे एचआर मॅनेजर सकाळी अर्ज घेऊन आले. त्यांच्या नव्या पार्टची ड्रॉइंग बाहेर गेली होती. खबर दिली होती दुसऱ्याच कंपनीतल्या एका ओळखीच्या माणसाने. तुमची ड्रॉइंग आमच्याकडे फिरतायत, असा त्याचा फोन आला होता. मॅनेजरांनी मेलची प्रिंट आणली होती. क्वालिटी खात्यातल्या एका कंत्राटी मुलीच्या नावावरून, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, एका खासगी पत्त्यावर मेल गेला होता.

"सरळ केस आहे साहेब. तिचं लॉगिन, तिचा पासवर्ड," ते म्हणाले.

मलाही ती सरळच वाटली. टेबलावर अपघातांचे तीन पंचनामे आणि बंदोबस्ताचं पत्र पडलं होतं. अशा वेळी सरळ केस कोणाला नको असते? तो खासगी पत्ता कोणाचा, हे विचारणारं पत्र पाठवलं. त्याचं उत्तर यायला महिने लागतात, हे अनुभवाने माहीत होतं.

मुलगी लातूरकडची. डिप्लोमा झालेली, नवरा वेल्डर, चिखलीत भाड्याची खोली. चार वर्षं कंत्राटावर काढून त्याच महिन्यात ती कायम होणार होती. ही गोष्ट तिने पहिल्या पाच मिनिटांत मला दोनदा सांगितली.

"त्या वेळेला कुठं होता तुम्ही?"

"खाली साहेब, रिजेक्शनचे पार्ट तपासत होते. ओव्हरटाइमला थांबले होते."

"कोणी पाहिलं?"

"दोन हेल्पर होते. काम सोडून गावाकडं गेले बगा ते."

"पासवर्ड कोणाला दिला होता?"

"कुणालाच नाही. आईची शपथ."

"मग मेल काय भुतानं पाठवला?"

हे वाक्य माझंच आहे, आणि त्याची मला आज लाज वाटते. तिला दोन दिवस बाकावर बसवून ठेवलं. तपासणीसाठी तिचा मोबाईल घेतला, नवऱ्यालाही बोलावलं. तो बिचारा शिफ्ट बुडवून यायचा आणि दाराशी उभा राहायचा. तिची एक गोष्ट मात्र मला खटकत होती. खोटं बोलणारा माणूस पळवाट ठेवतो. पासवर्ड दिला होता कोणाला तरी, एवढं म्हणाली असती तरी तिची मान सुटली असती. ती ते म्हणायला तयारच नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी कंपनीत गेलो, निदान मेल जिथून गेला ते टेबल तरी बघावं म्हणून. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तीन वाजता पाळी बदलली. कॉम्प्युटरवरचा माणूस उठला, मॉनिटरचं बटण दाबून स्क्रीन बंद केली, डबा उचलला आणि गेला. दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर आला. त्याने तेच बटण दाबलं आणि कामाला लागला. पासवर्ड वगैरे काही टाकला नाही.

"हे कोणाच्या नावावर चालू आहे?" मी विचारलं.

"सकाळी जो पयला येतो त्याच्या, साहेब," तो म्हणाला. गडी जवळच्याच गावचा, मळ्यातला. "बंद करून परत चालू करायला धा मिन्टं जात्यात. मशीन जुनं हाय. लाइन थांबत न्हाई ना."

अख्ख्या खात्याचा हा रिवाज होता. 'काम संपल्यावर लॉगआउट करा' अशी सूचना भिंतीवर होती, आणि तिच्यावर कॅलेंडर टांगलेलं होतं. त्या मुलीलाही वाटत होतं की स्क्रीन काळी झाली म्हणजे आपण बाहेर पडलो. ज्या दिवशी मेल गेला, त्या दिवशी सकाळी साडेसहाला पहिली तीच आली होती.

कंपनीचं आयटी बघणारे एक पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांना मी विचारलं, "मेल पाठवताना पासवर्ड लागला असेल ना?"

"नाही. तो सकाळी एकदाच लागतो. मशीनमध्ये शिरताना पासवर्ड टाकला की सर्व्हर तपासतो आणि एक पास देतो. पुढे मेल उघडा, ड्रॉइंग उघडा, रजेचं पान उघडा, मशीन मागच्या मागे तो पास दाखवतं. परत कोणी काही विचारत नाही. आमच्याकडे तो दहा तास चालतो."

"म्हणजे सिटी बसच्या दिवसभराच्या पाससारखं?"

"अगदी तसंच. फक्त इथला कंडक्टर तोंड बघत नाही, पास तेवढा बघतो."

साडेसहाचा पास साडेचारला संपणार होता आणि मेल गेला चार वीसला. म्हणजे तिने पासवर्ड टाकला ही जी गोष्ट आम्ही सगळे धरून बसलो होतो, ती त्या वेळी घडलीच नव्हती. मी त्यांना म्हटलं, तिचं नाव बाजूला ठेवा. त्या दुपारी त्या मशीनवर दुसऱ्या कोणी हाताने पासवर्ड टाकला का, एवढंच शोधा.

दोन तास लागले. चार वाजून बारा मिनिटांनी रजेचं पान उघडलं होतं. पास तिचा, म्हणून पान उघडलं तेही तिचंच. ज्याला स्वतःची रजा टाकायची होती त्याला ते बंद करून स्वतःचा नंबर आणि पासवर्ड टाकावा लागला. नंबर त्या सुपरवायझरचा होता. चार सत्तावीसला त्याने आपलं पान लॉगआउटही केलं होतं. स्वतःच्या नावाची काळजी त्याने घेतली होती.

त्याला ठाण्यात बोलावलं, चहा दिला. आवाज चढवला नाही. तेवढी ताकदही नव्हती राहिली.

"रजा कशाला टाकली होती?"

"घरचं काम व्हतं."

मी कागद पुढे सरकवला. "चार बाराला खुर्चीत तुम्ही. चार सत्तावीसला तुम्ही. मधे चार वीसला मेल गेला तेव्हा कोण बसलं होतं?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. "चुकलं साहेब. दुसऱ्या कंपनीत मुलाखत व्हती. तिथं दाखवायला पायजे व्हती ड्रॉइंग. तिचं नाव लागंल हे डोक्यातच आलं न्हाई." यातलं शेवटचं वाक्य मी निम्मंच खरं मानलं.

त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. आणि कंपनीने लॉगआउट केलं नाही हे कारण दाखवून त्या मुलीचंही कंत्राट संपवलं. मी मॅनेजरांना फोन केला, "मग अख्खं खातं घरी पाठवा की." ते म्हणाले, "वरून ठरलंय साहेब." तिथे माझा हात पोचत नव्हता.

आठवड्याने ती मोबाईल न्यायला आली. मी ताबा पावती टाइप करून दिली. तिने ती क्वालिटीवाल्यांच्या सवयीने वरून खालपर्यंत बोट फिरवत वाचली आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

"साहेब, हे खाली नाव कुणाचं हाय?"

ज्याच्या लॉगिनवरून कागद निघतो त्याचं नाव खाली आपोआप छापलं जायचं, आणि ते आमच्या हवालदाराचं होतं. तो सकाळी कॉम्प्युटर चालू करून राजगुरुनगरच्या कोर्टात गेला होता. मी तसं सांगितलं.

"अन् माझा जबाब घेतला, तवा?"

मी फाइल काढली. जबाब मी घेतला होता, मीच टाइप केला होता. खाली नाव त्याचंच होतं. त्या दिवशीही तो कोर्टातच होता.

"मग तुमच्याकडं चालतं व्हय हे," ती म्हणाली. रागावली नव्हती. तिने सही केली, मोबाईल पिशवीत टाकला आणि गेली.

नंतरच्या वर्षांत नाव कोणाचं हे विचारण्याआधी खुर्चीत कोण होतं हे विचारायची सवय मी लावून घेतली. तेवढं या केसने शिकवलं. पण त्यासाठी जे त्या मुलीचं गेलं ते मी भरून देऊ शकलो नाही, आणि याचा मला आजही त्रास होतो.

त्या संध्याकाळी मी स्वतः उठून ठाण्याचा कॉम्प्युटर लॉगआउट केला. परत चालू व्हायला दहा मिनिटं लागली. ठाणे अंमलदार वैतागले, बाहेर एक तक्रारदार ताटकळत उभा होता. दुसऱ्या दिवशी मी ते केलं नाही.