आईबरोबर अर्ध्यावर सोडलेला सिनेमा

बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात आई अकोल्याहून दिल्लीला माझ्याकडे राहायला आली. मी ऑफिसात, बायको शाळेत शिकवायला. सरकारी क्वार्टरमध्ये ती दिवसभर एकटीच असायची. म्हणून एका शनिवारी दुपारी तिला मंडी हाउसजवळच्या एका सभागृहात सिनेमाला नेलं.

असल्या गंभीर सिनेमांचा नाद मला दिल्लीतच मुनिरक्याच्या खोलीवर स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो तेव्हापासूनचा. ज्या गोष्टी घरात बोलता येत नाहीत त्या पडद्यावर यायलाच हव्यात, असं मी तेव्हा मित्रांशी तावातावानं भांडायचो. त्या दिवशीचा सिनेमा कशावर आहे हे मात्र मी नीट पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या जोडप्याची गोष्ट, एवढंच वाचलं होतं.

सिनेमा परदेशी होता. बोलणं अगदी थोडं, तेवढं मी आईच्या कानात सांगत होतो. नवरा अंथरुणाला खिळलेला, बायको त्याचं सगळं करते. आई पुढे सरकून बघत होती.

"पाठीला जखमा झाल्यात बघ त्याच्या," ती म्हणाली. "एकटीनं कूस बदलणं सोपं नसतं."

मग ती बाई उशी हातात घेऊन नवऱ्याच्या उशाशी उभी राहिली. कितीतरी वेळ तशीच. तिच्या मनात काय आहे ते सगळ्या सभागृहाला कळत होतं. मी आईचा दंड धरला.

"चल, उठ."

"थांब की जरा."

"नको, चल."

बाहेर ऊन होतं. मी टपरीवरून दोन चहा आणले.

"का उठवलंस?"

"तुला त्रास होईल म्हणून."

"मला कुठे होत होता?" तिनं कप नुसताच हातात धरला. "तुझ्या बाबांच्या शेवटच्या वर्षी मलाही एकदा..."

"आई, प्लीज. सिनेमा आहे तो. चहा घे, गार होईल."

तिनं चहा घेतला. मेट्रोत एवढंच विचारलं, "तिनं केलं असेल का रे?"

"काय माहीत," मी म्हणालो.

तिचा त्रास हे निमित्त होतं. बाबा चार वर्षं अंथरुणावर होते. त्या चार वर्षांत मी रविवारी फोन करायचो आणि दिवाळीत आठवडाभर जायचो. आईचं ते वाक्य पुरं झालं असतं, तर तेव्हा मी कुठे होतो, हेही निघालं असतं.

होळीनंतर ती परत गेली. फोनवर आम्ही तिच्या बीपीच्या गोळ्यांबद्दल बोलायचो, दिल्लीच्या हवेबद्दल बोलायचो. दोनतीनदा विचारायचं ठरवलं, पण ते फोनवर कसं विचारायचं? पुढच्या पावसाळ्यात आईही गेली.

परवा तो सिनेमा इंटरनेटवर सापडला. रविवारी दुपारी उरलेला भाग पाहिला. बाई उशी बाजूला ठेवते आणि जमिनीवर बसून राहते. दुसऱ्या दिवशी ती शेजारणीला सगळं सांगते. शेजारीण उठून जात नाही.

"कसा होता?" बायकोनं विचारलं.

"चांगला होता," म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.